भुरीचं विष

६ फेब्रुवारी

धाकट्या,

पार्सल पोचलं. बाटली फुटली नाही, पावडरीला ओल लागली नाही. तुझं पत्र मात्र बर्फाच्या पिशवीला चिकटून अर्धं फाटलं. तुझ्या बायकोने मला काहीतरी निरोप दिलाय, तो "वन्संना सांगा की" इथपर्यंतच वाचता येतो. पुढच्या वेळी पत्र कोरड्या बाजूला ठेव. फोन कर म्हणशील, तर नको. फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो. कागदावर निदान एक महिना जातो.

आता कामाचं. तुझ्या काळ्या विंचवाचं विष आमच्या उपयोगाचं नाही. का नाही, हे "आठवीतल्या मुलाला सांगतेस तसं सांग" असं तू म्हणाला होतास, म्हणून सांगते.

पेशीच्या अंगावर बारीक दारं असतात. काही दारांतून फक्त पोटॅशियम बाहेर जातं, बाकी कुणाला तिथे प्रवेश नाही. विंचवाच्या विषात छोटी प्रथिनं असतात. त्यांतली काही नेमकी या दाराच्या तोंडात जाऊन बसतात, बाटलीला बूच बसावं तशी. विंचवाला त्यातून किडा लुळा करायचा असतो. मला दुसरंच काहीतरी हवंय. आपल्या शरीरातल्या पहारेकरी पेशी कधीकधी चवताळतात आणि आपल्याच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडायला लागतात. माणसाची बोटं बधिर होतात, तोल जातो, एका डोळ्याने धूसर दिसतं. या चवताळलेल्या पेशींना जोर धरायला पोटॅशियमचं एक ठरावीक दार लागतं. ते बंद केलं की त्या थंड पडतात. अडचण एवढीच, की तसलीच दारं मज्जातंतूंत आणि हृदयातही असतात. म्हणजे मला असं विष हवंय की जे एवढं एक दार लावून घेईल आणि शेजारच्यांना त्रास देणार नाही. शहाणं विष म्हण हवं तर.

काळ्याच्या विषाने कुठलंच दार लागलं नाही. तुमच्याकडे ती फिकट रंगाची जात आहे ना, जिला तू भुरी म्हणतोस? तिचं पाठव. थोडंसं चालेल.

ताई


२० फेब्रुवारी

तायडे,

नमस्कार पार्सलातच ठेवलाय, बाटलीखाली बघ.

फाटलेला निरोप असा होता : "वन्संना सांगा की तुमच्या भावाला घरातले कप फोडायचा नाद लागलाय." तिला वाटतं मी मुद्दाम फोडतो, म्हणजे भांडी घासायला सांगणार नाही. आता इतक्या वर्षांनी माझी हुशारी तिच्या लक्षात आली, तर मी काय करणार.

भुरीचं विष पाठवतोय. थोडंसं म्हणतेस, पण भुरीकडे थोडंसंच असतं. काळ्या म्हणजे सरकारी खात्यातला माणूस : डब्यातून उचला, शेपटी चिमट्यात धरा, विजेचा हलका झटका द्या, नांगीच्या टोकाला थेंब हजर. भुरीचं तसं नाही. ती आधी डब्याच्या कोपऱ्यात तोंड घालून बसते. चिमटा दिसला की कमान करते. शेपटी सैल धरली तर निसटते, घट्ट धरली तर अंग मोडून घेते. नेमका जोर बोटांना कळावा लागतो, तो कुणाला शिकवता येत नाही. आमच्या साहेबांनी एकदा स्वतः करून पाहिलं आणि मग मलाच म्हणाले, "तुमचं चालू द्या."

तुझं दाराचं प्रकरण दोनदा वाचलं. बरं, एक विचारतो. आमच्या फाटकावरचा पहारेकरी आहे, चांगला माणूस, त्याची बोटं गेल्या वर्षापासून बधिर असतात. उजव्या हाताची जास्त. उन्हात चालला की पायही जड होतात. ते तू म्हणतेस तेच असेल का? त्याने मला विचारलं, कारण माझी बहीण शास्त्रज्ञ आहे हे मी फाटकापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलंय.

धाकटा


२८ मार्च

धाकट्या,

आधी तुझ्या पहारेकऱ्याचं. बोटं बधिर व्हायची पन्नास कारणं असतात आणि मी त्या प्रकारची डॉक्टर नाही. त्याला न्यूरोलॉजिस्टकडे पाठव, एमआरआय काढायला सांग. लवकर गेला तर आवरण कुरतडायचा वेग कमी करणारी औषधं आजही मिळतात. पूर्ण बरं करत नाहीत, सगळ्यांना लागूही पडत नाहीत, पण न घेण्यापेक्षा बरी. फाटकावर उभं राहून माझ्या पत्राची वाट बघू नकोस म्हणावं.

आता भुरीचं. खुर्चीत बसून वाच. दार बंद झालं.

मी रोज सकाळी आधी एक ओळखीचं विष चालवते. दुसऱ्या एका जातीचं, बाजारात शुद्ध मिळतं, याच दाराला बूच मारतं हे जगजाहीर आहे. ते बरोबर चाललं म्हणजे यंत्र ठीक. काळ्याच्या वेळी ते अजून आलं नव्हतं, आता हाताशी आहे. पण ते मूर्ख आहे. मज्जातंतूंतलं दारही लावून टाकतं, म्हणून औषध म्हणून बाद. ते झालं, सगळं धुतलं, मग त्याच नळीतून तुझ्या भुरीचं विष सोडलं. पहारेकरी पेशीच्या दारातून वाहणारा प्रवाह खाली आला. मग मज्जातंतूचं दार असलेल्या पेशींवर सोडलं, तर तिथे काही नाही. हृदयाच्या दारावर, काही नाही. पुन्हा केलं. परवा पुन्हा. शहाणं विष, अगदी मी मागितलं होतं तसंच.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, सहसा कुणाची पाठ थोपटत नाहीत. त्या यंत्राजवळ उभ्या राहिल्या, कागद पाहिला आणि म्हणाल्या, "हे मला आणखी चार वेळा दाखव." त्यांच्या मानाने हा हारतुराच.

तू दोनदा वाचलंस, याचं मला जास्त नवल वाटलं. इतक्या वर्षांत तू माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा काही विचारलंस. बरं वाटलं.

ताई


१७ एप्रिल

तायडे,

खुर्चीत बसूनच वाचलं. बायकोला म्हटलं, "ताईला आपल्या भुरीत औषध सापडलं." ती म्हणाली, "मग आता तिचा पगार वाढवा." पगार कुणाचा, हे तिने सांगितलं नाही.

तुझ्या शहाणपणाच्या गोष्टीला आणखी एक पुरावा देतो. मागच्या आठवड्यात भुरीने मला डंख मारला. हातमोज्याला भोक होतं, तिथून. आणि गंमत म्हणजे दुखलं नाही. काळ्या चावला तर खांद्यापर्यंत कळ जाते आणि माणूस खानदानाचा उद्धार करतो. भुरीचं काहीच नाही. काम संपवून मोजा काढला तेव्हा बोट सुजलेलं दिसलं, तेव्हा कळलं. संध्याकाळपर्यंत थोडा ताप, मग सगळं ठाकठीक. आमच्या डॉक्टरांनी दोन तास बसवून ठेवलं आणि जाऊ दिलं.

पहारेकऱ्याला सांगितलं. तो न्यूरोलॉजिस्टकडे जातो म्हणाला. तो विचारत होता की तुझं हे भुरीचं औषध बाजारात कधी येईल. मी म्हटलं, अरे, आत्ता तर दार लागलंय, थोडा दम धर. पण तूच सांग. त्याला काय, नुसतं ऐकायचंय.

या वेळचा थेंब कमी आहे. भुऱ्या चार आहेत, त्यांतली एक कात टाकतेय.

धाकटा


१० मे

धाकट्या,

आधी शिव्या घे. भोक पडलेला मोजा घालून विंचू हाताळतोस? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नवे मोजे माग, नाहीतर मी तुमच्या साहेबांना लिहीन.

आणि आता, लाज वाटते, पण तुझ्या डंखाचा मला आनंद झाला. वेदना न होणं याचा अर्थ हे विष कळ नेणाऱ्या मज्जातंतूंना शिवतच नाही. आमच्या आकड्यांशी हे अगदी जुळतं. पेपराचा मसुदा मी सुरू केलाय, त्यात एक वाक्य घातलंय : हाताळणाऱ्या अनुभवी कर्मचाऱ्याने या जातीचा दंश वेदनारहित असल्याचं नोंदवलं आहे. अनुभवी कर्मचारी म्हणजे तू. मिरव आता.

औषधाचं विचारलंस. शुद्ध करायचं, प्रयोगशाळेत बनवायचं, प्राण्यांवर, मग माणसांवर. दहा वर्षं धर. पण पहिली लहानशी चाचणी त्याआधी होते, थोड्या रुग्णांवर, ज्यांना हातातली औषधं लागू पडत नाहीत अशांवर. सगळं सुरळीत गेलं तर चार-पाच वर्षांत. तुझ्या पहारेकऱ्याला हे मधाचं बोट लावू नकोस; पण अगदीच काही नाही, असंही म्हणता येणार नाही.

पेपर जुलैच्या मध्यात पाठवायचा आहे. त्याआधी एक शेवटची खेप हवी. चारही भुऱ्यांचं, जमेल तितकं.

ताई


३ जून

ताई,

विष पाठवत आहे. बाटलीवर चिठ्ठी लावली आहे.

पहारेकऱ्याचा एमआरआय झाला. तू म्हणाली होतीस तेच निघालं. औषध सुरू केलं आहे. डॉक्टर म्हणाले, बघू. चाचणीत माणसं घेताना आजार किती पुढे गेला आहे ते बघतात का? चालता येतं त्यालाच घेतात, की न चालणाऱ्यालाही?

इथे सगळं ठीक. काम जास्त आहे म्हणून थोडक्यात लिहितो.

धाकटा


२४ जून

धाकट्या,

तुझं पत्र म्हणजे तार होती. काम जास्त आहे की बायकोने अबोला धरलाय? कप किती फुटले ते कळव.

ही खेप आजवरची सर्वांत उत्तम. दार पहिल्यापेक्षा जास्त बंद झालं. मी तीन दिवस तेच करत होते, तीनही दिवस तेच उत्तर. फक्त आमची रसायनवाली, जी विषातले घटक वेगळे करते, ती कुरकुरतेय. "आलेखावरचे या वेळचे उंचवटे आधीच्या खेपेशी जुळत नाहीत," म्हणते. मी म्हटलं, विंचवाचं विष ऋतूप्रमाणे, खाण्याप्रमाणे बदलतं. तिने खांदे उडवले. असंच असणार. नाहीतरी काम करणारा घटक एकच आहे, तो असला म्हणजे झालं.

मोठ्या बाईंनी एका औषध कंपनीच्या माणसांना बोलावलंय. पेपर पंधरा जुलैला जाईल, त्यानंतर ते येतील. वीस वर्षं मी या खोलीत बसून पेशी धरतेय आणि सोडतेय, पण पहिल्यांदाच बाहेरचं कुणीतरी बघायला येतंय. मला झोप लागत नाही म्हणण्याइतकी मी लहान नाही, पण भूक लागत नाही एवढं खरं.

तुझा पहारेकरी : चाचणी निघाली तर चालता येणारे आधी घेतात. त्याचे कागद मला पाठव, मी बाईंना सांगून यादीत त्याचं नाव घालायचा प्रयत्न करीन. तू एवढं दुसऱ्याचं काळजीने विचारतोस, हे पाहून आई असती तर तिला वाटलं असतं की पोरगं सुधारलं.

ताई


३ जुलै

ताई,

पेपर पाठवू नकोस.

ती शेवटची बाटली भुरीची नव्हती. ती काळ्याची होती. चिठ्ठी मी भुरीची लावली.

तुझं पत्र आल्यावर मला आधी वाटलं, मीच बाटल्यांची अदलाबदल केली असेल. कपाट उघडून पाहिलं. अदलाबदल नाही. काळ्याचंच विष, फेब्रुवारीत तू नापास केलेलं. ते जर आता आजवरचं सर्वांत उत्तम निघालं, तर दार विषाने लागत नाहीये, दुसऱ्याच कशाने लागतंय. मी शास्त्रज्ञ नाही, पण एवढं मलाही कळतं.

का केलं, ते सांगतो. मेच्या शेवटी भुऱ्यांचं विष काढायला बसलो. पहिलीची शेपटी चिमट्यात धरली. मला वाटलं हलकी धरलीय. थेंब येईना म्हणून पाहिलं, तर ती मधोमध चिरडली होती. दुसरी धरली, ती निसटून जमिनीवर गेली. सापडली, पण पुढे हात लावायचा धीर झाला नाही. माझ्या बोटांना जोर कळत नाही, ताई. गेल्या वर्षापासून. फाटकावरचा पहारेकरी अगदी धडधाकट आहे, रोज मला सलाम ठोकतो. एमआरआय माझा आहे.

त्या डंखाचंही तेच. दुखलं नाही ते भुरीच्या चांगुलपणामुळे नव्हे. बोटाला कळलंच नाही. सुजलं तेव्हा दिसलं. ते वाक्य काढून टाक.

तुला का सांगितलं नाही? आधी वाटलं, जाईल. मग वाटलं, साहेबांना कळलं तर विंचवांच्या खोलीतून काढतील, आणि दुसरं मला काही येत नाही. मग तू लिहिलंस की दार बंद झालं. तेव्हापासून मी रोज दिवस मोजत होतो. बाटली रिकामी पाठवली असती तर तू कारण विचारलं असतंस, म्हणून काळ्याचं भरलं. वाटलं, एक खेप फुकट जाईल, तू म्हणशील या वेळी जमलं नाही, आणि तोवर माझा हात सुधारेल.

तुझं पत्र येऊन आज सहा दिवस झाले. ते मी खिशात घालून फिरलो. गप्प बसलो असतो तर तुझा पेपर गेला असता, कंपनीची माणसं आली असती आणि यादीत माझं नाव लागलं असतं. ते विष खरं असावं असं तुला जेवढं वाटतं, त्याहून मला जास्त वाटत होतं. बायको म्हणाली, "आत्ता नाही लिहिलंत तर मी लिहीन, आणि माझं अक्षर वाईट आहे." म्हणून लिहितोय.

धाकटा


९ जुलै

धाकट्या,

पत्र मिळालं त्याच दिवशी मी यंत्राची सगळी नळी कापून काढली आणि नवी लावली. ओळखीचं विष चालवलंच नाही. आधी भुरीचं खरं विष सोडलं, एप्रिलमधलं उरलेलं होतं ते. प्रवाह जिथल्या तिथे. काळ्याचं सोडलं. तसंच. दोन्ही नापास.

काय झालं ते सांगते, म्हणजे तुझी शंका मिटेल. ओळखीचं विष प्लास्टिकला चिकटतं. रोज सकाळी ते त्या नळीतून जायचं आणि थोडं आत बसून राहायचं. धुण्याचं पाणी दुसऱ्या नळीतून येतं, त्यामुळे धुतल्यावर सगळं स्वच्छ दिसायचं. मग त्या पहिल्या नळीतून मी विंचवाचं विष सोडायची; त्यातली प्रथिनं चिकटलेल्याला ढकलून बाहेर काढायची. बाहेर यायचं ते इतकं थोडं की सर्वांत नाजूक दार तेवढं लागायचं आणि बाकीची उघडी राहायची. म्हणून ते शहाणं वाटलं. शहाणं नव्हतं, फक्त कमी होतं. प्लास्टिकला चिकटतं, हे मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगते.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्या भावाने फसवलं नसतं," त्या म्हणाल्या, "तर आपण सगळ्या जगाला फसवलं असतं." पेपर थांबला, कंपनीला फोन गेला. रसायनवालीची मी माफी मागितली. तिने पुन्हा खांदे उडवले.

चिठ्ठी बदललीस त्याबद्दल मी रागावलेय. ते राहू दे, नंतर भांडू.

हे सगळं आधी लिहिलं, कारण दुसरं लिहायला सुचत नव्हतं. तू फेब्रुवारीत विचारलंस, उजव्या हाताची जास्त, उन्हात पाय जड होतात, आणि मी तुला फाटकावर उभं राहू नकोस असं लिहिलं. तुझं अक्षर एप्रिलपासून बदललंय. काल सगळी पत्रं शेजारी ठेवली तेव्हा दिसलं. माझं काम बारकाईने बघण्याचं आहे आणि मी तुझ्याकडे बघितलंच नाही.

आणि ते सहा दिवस. ते पत्र लिहून तू काय सोडून दिलंस, हे तुला नीट माहीत होतं. तुझ्या जागी मी असते तर लिहिलं असतं की नाही, हे मला सांगता येत नाही.

साहेबांना उद्याच सांग. चिमटा पुन्हा हातात घेऊ नकोस. आणि दोघं इकडे या. इथला न्यूरोलॉजिस्ट माझ्या ओळखीचा आहे.

ताई


२१ ऑगस्ट

तायडे,

घरी सुखरूप पोचलो. प्रवासात बायकोने मला एकही पिशवी उचलू दिली नाही. स्टेशनवर लोक मला शिव्या देत असतील, की बघा, बाई ओझी वाहतेय आणि हा राजा हात हलवत चाललाय. हात हलवता येतोय हेच खूप, असं मी मनात म्हटलं.

साहेबांनी काढलं नाही. विंचवांच्या खोलीला लागून जी नोंदीची खोली आहे, तिथे बसवलंय. नव्या माणसाला शिकवायचं काम दिलंय. मी काचेच्या या बाजूला उभा राहतो आणि सांगतो, "हलकं. अजून हलकं." त्याने आत्तापर्यंत एकही मारलेली नाही. भुऱ्या आता तीन उरल्या आहेत.

तुमच्या डॉक्टरांचं नवं औषध सुरू आहे. महिन्यातून एकदा सलाईनमधून. डावा हात तसाच आहे, उजवा थोडा बरा वाटतो, पण मला बरं वाटायची घाई आहे, म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं येईलच असं नाही, आहे ते राखू." पदरी पडलं ते पवित्र. रात्री कधीकधी भीती वाटते, ती दिवसा सांगण्यासारखी नसते.

निघायच्या दिवशी औषध सुरू करण्याआधी तू माझं रक्त घेतलंस. "कामाला लागेल," म्हणालीस. बायको तेव्हापासून विचारतेय, कशाला? मी म्हटलं, ताई आहे ती, लहानपणी पैसे घ्यायची, आता रक्त घेते. पण खरंच, काय केलंस त्याचं?

धाकटा


२ सप्टेंबर

धाकट्या,

बायकोला सांग, चोरून नाही घेतलं. तू सही केलीस त्या कागदावर लिहिलं होतं. तू न वाचता सही केलीस.

आमच्याकडे रक्ताच्या बाटलीवर नाव नसतं, आकडा असतो, म्हणजे कुणाचं ते आम्हाला कळू नये. तुझं मला माहीत होतं, कारण मीच तुझा दंड धरून बसले होते. म्हणून आधी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कर. पण ते आकडे कुठल्याही पेपरात जाणार नाहीत." मी म्हटलं, नकोच जायला. मला फक्त बघायचं होतं.

नवी नळी लावली. तुझ्या रक्तातून त्या पहारेकरी पेशी वेगळ्या काढल्या आणि एक निवडली. पेशी धरायला काचेची अगदी बारीक सुई असते. ती पेशीला टेकवायची आणि मग रबरी नळीचं टोक तोंडात धरून हलकासा श्वास आत ओढायचा. यासाठी अजूनही यंत्रापेक्षा तोंड बरं. जास्त ओढलं तर पेशी फुटते, कमी ओढलं तर निसटते. वीस वर्षांत हे किती वेळा केलं ते मोजलेलं नाही. त्या दिवशी पहिल्या तीन पेशी माझ्याकडून फुटल्या. चौथी धरली.

त्या पेशीत तसली दारं खूप होती. निरोगी माणसाच्या पेशीत जेवढी दिसतात त्याच्या कितीतरी पट. पडद्यावरची प्रवाहाची रेघ खूप वर होती. तुला हे सांगू की नको असं वाटलं, पण आता तुझ्यामाझ्यात लपवालपवी पुरे झाली.

मग ते ओळखीचं, मूर्ख विष सोडलं, अगदी थोडं. रेघ खाली यायला लागली. खाली आली आणि सपाट झाली. तुझी पेशी शांत झाली. ते औषध नाही हे मला माहीत आहे. तुला टोचलं तर पेशीबरोबर तूही शांत होशील. बाहेर एका काचेच्या तुकड्यावर, एका पेशीत, एवढंच ते. पण ते दार लागतं, हे मी पाहिलं. असं विष कुठेतरी असेल किंवा करता येईल. ते मला सापडेल असं मी तुला म्हणणार नाही. मी उद्यापासून पुन्हा शोधायला लागणार आहे. तुझ्या नव्या माणसाने आणखी कुठली जात धरली तर पाठवा, बाटलीवर खरी चिठ्ठी लावून.

प्रयोगाचा शेवटचा भाग असा असतो, की विष धुऊन टाकायचं आणि दार परत उघडतं का ते बघायचं. नाहीतर पेशी मेली की शांत झाली, ते कळत नाही. हे मी आयुष्यभर विचार न करता करत आले. त्या दिवशी पाण्याच्या तोटीवर हात ठेवून बसून राहिले. रसायनवाली आत आली, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेली. मला ते धुवायचं नव्हतं, धाकट्या.

मग धुतलं. रेघ हळूहळू वर आली, पहिल्याइतकी झाली, आणि मी ती पूर्ण होईपर्यंत बघत राहिले.

ताई